निरभ्र आभाळातला खड्डा

एकतीस वर्षं मी एसटी चालवली. त्यातली निम्मी नंदुरबार–धडगाव. त्या वाटेवरच्या घाटात पावसाळ्यात दरड पडायची, धुक्यात पुढचं वळण दिसायचं नाही, होळीच्या दिवसांत गाडीत पाय ठेवायला जागा नसायची. लोक विचारायचे, भीती नाही वाटत का? मी सांगायचो, नाही वाटत. ते खरंच होतं. खड्डा दिसला की पाय आपोआप ब्रेकवर जायचा, आणि पाय कामात असला की भ्यायला वेळ मिळत नाही. रिटायर झालो त्या दिवशी डेपोत सत्कार झाला, तेव्हा मॅनेजर म्हणाले, हा माणूस घाबरलेला मी पाहिला नाही. मी तेव्हा मान खाली घालून हसलो होतो. आता ते आठवलं की लाज वाटते.

माझी धाकटी मुलगी विमानात काम करते. लोक हवाईसुंदरी म्हणतात, ती स्वतः केबिन क्रू म्हणते. नंदुरबारच्या कॉलेजातून पदवी घेतली, एक जाहिरात पाहून सुरतेला मुलाखतीला गेली आणि निवड होऊनच परत आली. भाऊबंदांत कुजबुज झाली. माझा थोरला भाऊ गावी तापीकाठची शेती पाहतो. तो मला म्हणाला, "पोरले काय लोकेसले चहा वाटाले धाडतस का?"

मी म्हणालो, "मी बी जनमभर लोकेसलेच पोचाडं."

मुलगी गेली, शिकली, उडायला लागली. चार वर्षं झाली. दर दोन-तीन महिन्यांनी घरी यायची, दोन दिवस झोपून काढायची आणि पुन्हा जायची.

मागच्या वर्षी होळीच्या आधी तिचा फोन आला. तिला सुरत–कलकत्ता विमानाची ड्यूटी लागली होती आणि तिकडे दोन दिवस सुट्टी होती. म्हणाली, तुम्ही दोघं या, मी ज्या विमानात असेन त्याच विमानात बसा, कालीमातेचं दर्शन करू आणि परत येऊ. तिच्या आईने लगेच हो म्हटलं. मी आधी का-कू केलं. खरं सांगायचं तर दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत बसायला मला कधीच आवडलं नाही. पण मुलीला तिच्या कामावर पाहायची हौसही होती. ती लहान असताना सुट्टीत माझ्या गाडीत बॉनेटशेजारी बसून धडगावपर्यंत यायची. आता तिच्या गाडीत आपण बसायचं, असं मनात आलं.

होळीला आठ दिवस होते आणि ऊन मात्र वैशाखातलं. सकाळच्या रेल्वेने सुरत गाठली, तिथून रिक्षाने विमानतळ. काचेच्या पलीकडे धावपट्टीवरची हवा लहरत होती, डांबरी रस्त्यावर भरदुपारी लहरते तशी. मुलगी आम्हाला दोन मिनिटं भेटायला आली. केस घट्ट बांधलेले, गळ्यात रुमाल, आमच्याच घरातली मुलगी, पण मला अहो-जाहो करावं की काय असं वाटलं.

ती म्हणाली, "आबा, पट्टा काढू नका. पट्टाना दिवा बंद झाया तरी काढू नका. बसेल शेतस तवलोंग बांधेलच ऱ्हाऊ द्या. मायले बी सांगा."

मी चेष्टा केली, "इतली काळजी? तुन्हा डायवर नवा शे का?"

ती हसली नाही. "डायवर चांगला शे, आबा. हवा बदली गयी शे."

मग घाईघाईत तिने सांगितलं, की पूर्वी ज्या टप्प्यात क्रूच्या मुली निवांत चहा द्यायच्या तिथेही हल्ली दणके बसतात. सीनियर बायका म्हणतात की असं आधी इतकं नव्हतं. एवढं बोलून ती गेली. मी बायकोला म्हटलं, पोरगी उगाच घाबरवते. पण पट्टा बांधला. बायकोचाही बांधला, आणि ती म्हणाली पोटाला रुततो, तरी सैल करू दिला नाही. या एका गोष्टीबद्दल मी अजून देवाचे आभार मानतो.

विमान उठलं, समुद्रावर वळसा घेतला आणि पूर्वेकडे निघालं. बायको खिडकीशी, मी वाटेच्या कडेला, मधल्या सीटवर हिऱ्याच्या कारखान्यात काम करणारा एक माणूस. पंधरा-वीस मिनिटांत उकाईचं पाणी दिसलं. बायकोने काचेला नाक लावलं.

"ती दखा तापी! आपली तापी शे ना ती?"

मी वाकून पाहिलं. नदी पांढुरकी, बारीक. तिच्या काठाने आमचं गाव कुठेतरी असणार. नंदुरबार शोधायचा मी प्रयत्न केला. शहराबाहेर मिरच्या वाळत घातलेल्या पथारी वरून लाल दिसतील असं मला वाटलं होतं, पण एवढ्या उंचावरून लाल-बिल काही दिसत नाही. ऊन लख्ख होतं. ढगाचा एक ठिपकाही नव्हता. पट्ट्याचा दिवा बंद झाला होता आणि लोक उठून मागे-पुढे जात होते.

मुलगी ट्रॉली घेऊन आमच्या ओळीशी आली. माझ्याकडे बघून अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाली, "सर, पाणी घेणार?"

मी म्हटलं, "द्या, मॅडम."

तिला हसू आवरेना. पेला माझ्या हातात देताना तिची बोटं माझ्या बोटांना लागली. तेवढ्यात विमान थरथरलं. आमची जुनी गाडी दुसऱ्या गियरमध्ये चढ चढताना थरथरायची तसं. मुलीचं हसू गेलं. तिने ट्रॉलीचा ब्रेक पायाने दाबला आणि मान वळवून मागच्या सहकारिणीकडे पाहिलं. ती काहीतरी बोलणार होती.

मग खालचं सगळं गेलं.

दुसरा शब्द मला सुचत नाही. गाडी खड्ड्यात जाते तेव्हा खड्ड्याला तळ असतो, तो लागतो आणि कळतं की झालं. इथे तळच लागेना. पट्टा माझ्या मांड्यांत रुतला, पोट गळ्याशी आलं. हातातलं पाणी पेल्यातून सुटून वर गेलं, त्याचा एक लांबट गोळा झालेला मी पाहिला. आणि माझी मुलगी वर गेली. तिचे पाय माझ्या डोळ्यांसमोरून वर गेले, काळे बूट, आणि डोकं छताला आपटल्याचा आवाज आला. नारळ फोडल्यासारखा. तो आवाज मी कुणाला आजवर सांगितला नाही. इथे पहिल्यांदा लिहितोय.

पुढच्या क्षणी विमान खालून कुणी लाथ मारावी तसं वर आलं आणि ती खाली कोसळली. पलीकडच्या सीटच्या हातावर तिची पाठ आदळली आणि ती वाटेत पडली. ट्रॉली आडवी झाली. गरम कॉफी कुणाच्या तरी अंगावर सांडली, तो माणूस किंचाळला. पट्टा न लावलेली चार-पाच माणसं छताला लागून परत खाली आली होती, कुणी शेजाऱ्याच्या अंगावर, कुणी पायांत. मागून तिची सहकारीण जिवाच्या आकांताने ओरडत होती, "बेल्ट! बेल्ट लगाइए!"

बायकोला दिसत नव्हतं. मधला माणूस तिच्यावर कलला होता. ती ओरडत होती, "पोर कोठे शे मन्ही? पोर कोठे शे?"

पोर माझ्या पायाशी होती. डोळे उघडे, कपाळावरून रक्त. मी पट्टा सोडायला हात नेला. तेव्हा ती बोलली. आवाज एवढासा.

"पट्टा सोडू नका, आबा. माले धरा."

मी वाकलो. पट्टा कापत होता तरी वाकलो, आणि दोन्ही हातांनी तिला काखेखालून धरलं. धरतोय न धरतोय तोच पुन्हा सगळं गेलं. तिचं अंग हलकं झालं. माझ्या हातातून ती वर निघाली होती. मला कळत होतं की ती निघाली आहे. स्टेअरिंग धरून धरून हात कमावलेले म्हणतात, ते सगळं कमावलेलं मी त्या दोन हातांत आणलं. उजव्या खांद्यात काहीतरी सुटल्यासारखं झालं. पण सोडलं नाही. ती वर गेली नाही.

नंतर सांगितलं गेलं की हे सगळं मोजक्या सेकंदांचं होतं. असेल.

विमान स्थिर झालं तरी कुणी स्थिर झालं नाही. कॅप्टनचा आवाज आला, नागपूरला उतरत आहोत, कुणीही जागा सोडू नये. तिची सहकारीण गुडघ्यांवर सरकत आली, तिने मुलीच्या मानेशी उशा लावल्या आणि मला म्हणाली, अंकल, असेच धरून ठेवा, हलवू नका. नागपूर येईपर्यंत मी तसाच वाकून बसलो. खिडकीबाहेर तेच लख्ख ऊन, तेच निळं आभाळ. मला त्या निळ्या रंगाची शिसारी आली. ढग असता, वीज चमकली असती, तर मनाला सांगता आलं असतं की याने केलं. तिथे बोट दाखवायला काहीच नव्हतं. दर थरथरीला मी तिच्या तोंडाकडे बघत होतो आणि ती माझ्या. ती भ्यायलेली होती. माझ्या मुलीला एवढी भ्यायलेली मी त्याआधी पाहिली नव्हती, आणि आपण तिचे आबा असून आपल्या पायाखाली ब्रेक नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं.

नागपूरच्या इस्पितळात कळलं की गळ्याजवळचं हाड मोडलंय, पाठीचा एक मणका चेपलाय, कपाळाला टाके. पाय हलत होते. डॉक्टरांनी तळव्याला टाचणी लावली आणि तिने पाय ओढला, तेव्हा बायकोने तो पाय दोन्ही हातांत धरला. मला एकच विचारायचं होतं. डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, की मी तिला ओढून धरलं, त्याने तर मणका गेला नाही ना? ते म्हणाले, मणका पहिल्याच आपटण्याने गेला. दुसऱ्यांदा छताला लागली असती तर आज आपण वेगळं बोलत असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टन भेटायला आले. साधारण पन्नाशीचे, डोळे सुजलेले. मुलीशी बोलले, तिच्या आईपुढे हात जोडले. मग बाहेर बाकावर माझ्याशेजारी येऊन बसले. हिंदीत बोलत होते. मी एसटीचा ड्रायव्हर होतो हे मुलीने त्यांना सांगितलं असावं, कारण ते एकदम म्हणाले, "तुम्हाला मी काय सांगू? तुम्ही म्हणाल, खड्डा दिसला कसा नाही."

मी म्हटलं, "तेच विचारणार होतो."

"नाही दिसत. आमचं रडार पाण्याचे थेंब बघतं. ढग असला तर दिसतो, आम्ही वळसा घालतो. हे नुसत्या हवेतलं असतं. वर जोराच्या वाऱ्याचे पट्टे वाहतात. एक थर जोरात, त्याच्या खालचा संथ. दोघांच्या वेगात फार फरक पडला की मधली हवा फुटते, लाटेसारखी. आपण त्यात शिरलो की मगच कळतं."

"आधीपासून होतं का हे?"

"होतंच. वीस वर्षं मी उडवतोय, तेव्हाही होतं. पण अभ्यास करणारे सांगतात की हे वाढतंय. हवा तापतेय, ती सगळीकडे सारखी तापत नाही. वरच्या थरांत उत्तरेकडची थंड बाजू आणि दक्षिणेकडची गरम बाजू यांच्यातला फरक वाढतोय, त्यामुळे त्या वाऱ्यांच्या वेगातला फरकही वाढतोय. पुढे आणखी वाढेल म्हणतात."

"म्हणजे कालचं त्यामुळेच झालं?"

"एका दणक्याबद्दल असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. मीही नाही. पण पूर्वी मी ज्या उंचीवर, ज्या दिवसांत निर्धास्त दिवा बंद करायचो, तिथे आता हात अडखळतो. काल अडखळला नाही. काल मी बंद केला."

बोलता बोलता ते बाकाच्या कडेवर अंगठा बटण दाबल्यासारखा पुन्हा पुन्हा दाबत होते. मी ते पाहिलं. चालवणाऱ्यालाच रस्ता कळेनासा झाला आहे, आणि माझी मुलगी त्याच रस्त्यावर नोकरी करते.

चार आठवड्यांनी आम्ही तिला रेल्वेने घरी आणलं, झोपवून. नंदुरबारला उतरलो तर पाऊस पडून गेलेला. चैत्रात. रिक्षातून घरी जाताना पथारींवर बाया-माणसं ओल्या मिरच्या सुपड्यांनी उलथवत होती, काही ढीग काळे पडले होते. रिक्षावाला माझ्या ओळखीचा, इथलाच, त्याच्या बापाचं मिरचीच्या हमालीत आयुष्य गेलेलं. तो म्हणाला, "चाचा, आता वाऱ्याचं काही खरं राहिलं नाही. कधी कुठून येईल सांगता येत नाही." तो मिरच्यांबद्दल बोलत होता. मी रिक्षाची दांडी धरली.

घरात पाठीचा पट्टा लावून ती पडून असायची. आणि मी? मला पंखा जरा जास्त हलला तरी सहन व्हायचं नाही. खिडकीचं दार आपटलं की मी पलंगाची कड धरायचो. आभाळ स्वच्छ असलं की जास्त भीती वाटायची, हे कुणाला सांगणार? दिवसातून दोन-तीनदा वरून विमान जायचं. आवाज आला की मी अंगणात जायचो आणि तो पूर्ण विरेपर्यंत तिथेच उभा राहायचो. बायकोने एकदा विचारलं, काय बघता? मी म्हटलं, काही नाही, कपडे वाळले का बघतो.

वैशाखात धडगावला माझ्या जुन्या कंडक्टरच्या मुलीचं लग्न होतं. बारा वर्षं आम्ही एका गाडीवर होतो, जाणं भाग होतं. तळोद्याहून जीप घेतली. चालवणारा पावरा आदिवासी, चाळिशीचा, मला ओळखत होता. त्याने कौतुकाने पुढे बसवलं. घाट सुरू झाला. तिसऱ्या की चौथ्या वळणावर जीपचं चाक खड्ड्यात गेलं, माणसं उसळली, मागे कुणीतरी हसलं. आणि माझ्या तोंडून ओरड निघाली. मी दोन्ही हातांनी ड्रायव्हरचा दंड धरला होता. त्याने जीप कडेला घेतली.

"पोटात कळ आली का, भाऊ?"

मी उतरलो. घाटाच्या कठड्यावर बसलो आणि मला घाम फुटला, श्वास घेता येईना. खाली दरी, जी मी हजारदा पाहिली असेल. मागची माणसं उन्हात जीपमध्ये बसून राहिली, कुणी कुरकुरलं नाही. ड्रायव्हरने पाण्याची बाटली आणून दिली आणि माझ्याशेजारी उकिडवा बसला. मी त्याला सांगितलं. विमान, मुलगी, सगळं. बायकोलाही जे सांगितलं नव्हतं ते त्या जवळजवळ अनोळखी माणसाला सांगितलं, की मला आता सगळ्याचीच भीती वाटते. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "चला, हळू नेतो." आणि खरोखर बैलगाडीच्या चालीने त्याने जीप धडगावपर्यंत नेली. परत येताना मी डोळे मिटून बसलो होतो.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी नंदुरबारात वादळ झालं. दुपारी चारच्या सुमाराला आभाळ पिवळं पडलं, मग वारा सुटला. समोरच्या शेडचे पत्रे उडून विजेच्या तारांवर पडले. मी दारं लावत फिरत होतो. मुलीच्या खोलीत आलो तर ती पलंगावर नव्हती. भिंतीच्या कोपऱ्यात जमिनीवर बसली होती, पाठीचा पट्टा बांधलेला, दोन्ही हातांनी कपाटाचा पाय घट्ट धरलेला. ती वर उचलली जाऊ नये म्हणून धरलेला, हे मला लगेच समजलं. मी तिच्याशेजारी बसलो आणि तिला धरलं. वादळ थांबेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळीला गेली असताना तिचा फोन वाजला. तिच्या कंपनीतून होता. एक बाई फार नम्रपणे बोलत होत्या. तब्येत कशी आहे, पुढच्या महिन्यात वैद्यकीय तपासणीला येऊ शकेल का, पास झाली तर आधी जमिनीवरचं काम आणि मग उड्डाण. मी ऐकत होतो आणि मला कपाटाचा पाय धरलेले ते हात दिसत होते.

मी म्हणालो, "ती आता येणार नाही. तिने नोकरी सोडायचं ठरवलंय."

बाई म्हणाल्या, तिने तसं ईमेलवर कळवलं तर बरं होईल. मी हो म्हणालो आणि फोन ठेवला. नंबर पुसून टाकला. आयुष्यात मी तिकिटाच्या पैशात, डिझेलमध्ये, रजेच्या अर्जात कधी खोटं केलं नाही. ते खोटं माझ्या तोंडून अगदी सहज निघालं.

तीन दिवस मी ते पोटात ठेवलं. माझी बहीण भेटायला आली, म्हणाली, "आते बस झायं, लगीन करी टाका तिन्हं." मी मान डोलावली. मुलगी ऐकत होती. बहीण गेल्यावर तिने मला विचारलं, "आबा, कंपनीना फोन ऊना नई अजून. ऊना व्हता का?"

मला खोटं बोलता आलं असतं. तिच्या डोळ्यांत बघून ते जमलं नाही. मी सांगितलं.

ती उठून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तुमी असं काब्र सांगं त्यासले?"

"माले भीती वाटनी."

"माले बी वाटस, आबा. रोज वाटस. झोपमा बी वर जास मी." तिचा आवाज चढला. "पन ते मी ठरावसू. तुमी नई."

बायको स्वयंपाकघरातून आली. तिने दोघांकडे पाहिलं आणि काही न विचारता मुलीच्या बाजूला जाऊन बसली. मुलगी पुढे म्हणाली, "ब्रेक गया व्हता तव्हय, दुसरा दिन पयली गाडी कोन लई गयथं?"

ती सहावीत असताना घाटात माझ्या गाडीचे ब्रेक गेले होते. गाडी डोंगराच्या बाजूला घासत नेऊन मी थांबवली, कुणाला फारसं लागलं नाही. आणि हो, दुसऱ्या दिवशी पहिली गाडी मीच नेली होती. घरातल्यांनी ती रात्र कशी काढली, दुसरा दिवस कसा काढला, हे मला त्या वेळी विचारायचं सुचलंसुद्धा नव्हतं. मी बायकोकडे पाहिलं. तिने मान फिरवली.

दोन दिवस मुलगी माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने माझ्यासमोरच कंपनीत फोन लावला आणि त्या बाईंना सांगितलं, वडिलांचा गैरसमज झाला होता, मी तपासणीला येते. गैरसमज. तिने माझी लाज राखली.

पहिल्या तपासणीत ती नापास झाली. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची मला पुन्हा वेगळी भीती वाटली. तिने व्यायाम वाढवला. दिवाळीच्या सुमाराला पास झाली. काही महिने नव्या मुलींना शिकवायचं काम केलं. स्वतःचा एक्स-रे फळ्यावर लावून ती त्यांना सांगायची म्हणे, की थरथर जाणवली की ट्रॉली सोडा, प्रवाशाचा विचार नंतर करा, आधी मिळेल त्या सीटवर बसा आणि पट्टा लावा. रिकामी सीट नसेल तर कुणाच्या मांडीवर बसा. फोनवर हे सांगताना तिची आई हसली. मला हसू आलं नाही.

यंदा ती पुन्हा उडायला लागली. त्या सकाळी तिच्या आईने देवापुढे बसून पोथी काढली आणि वाचली नाही, नुसती मांडीवर ठेवली. मी फोन हातात धरून ओट्यावर बसलो होतो. दोन तास चाळीस मिनिटं. मला त्या वेळात लघवीलाही उठवलं नाही, न जाणो तेवढ्यात फोन येईल. मग तिचा फोन आला.

"मी पोचनू, आबा."

"हालनं का?"

"थोडंसं. कॅप्टननी दिवा बंदच कया नई. चहा बी नई दिधा. लोके कावनात."

"कावू दे," मी म्हटलं. "तू बसेल व्हती ना?"

"बसेल व्हतू."

"पट्टा?"

"बांधेल व्हता, आबा."

मी म्हटलं, बरं, जेवून घे. तिने सांगितलं की तासाभरात तेच विमान परत निघणार आहे, संध्याकाळी पुन्हा फोन करेन. फोन ठेवला. बायको दारात उभी होती. तिला म्हटलं, पोचली, काही त्रास झाला नाही. ती आत गेली आणि तिने कुकर लावला. मी घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा ओट्यावर येऊन बसलो. बाहेर कडक ऊन होतं, पान हलत नव्हतं.